बालचित्रपट प्रमाणपत्रावरून ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वार्षिक परीक्षा संपल्या की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून ‘सुट्टीत मुलांना दाखवावेत असे चित्रपट’ या मथळ्याच्या याद्या येऊ लागतात. बालदिनाच्या आठवड्यात त्या पुन्हा येतात. शाळा आणि वाचनालये त्या कापून ठेवतात, सोसायटीच्या गच्चीवरचा कार्यक्रम त्यावरूनच ठरतो. म्हणून त्या विचारपूर्वक केलेल्या असाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र. सध्या या याद्यांत तीन निरनिराळ्या जातींचे चित्रपट एकत्र मिसळलेले असतात: मुलांसाठी केलेले, मुलांविषयी केलेले आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावेत असे. ही गल्लत झाल्याचा त्रास यादी करणाऱ्याला होत नाही. तो होतो सतरंजीवर दोन तास बसवून ठेवलेल्या पहिली-दुसरीच्या मुलांना, आणि मग ‘आजकालच्या मुलांना चांगले काही बघवतच नाही’ असा ठपकाही त्यांच्यावरच येतो.

गोंधळाची सुरुवात प्रमाणपत्रापासून होते. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार मिळणारे ‘यू’ प्रमाणपत्र म्हणजे सर्वांसाठी खुले प्रदर्शन. कोणत्याही वयाच्या प्रेक्षकाला अडवावे असे या चित्रपटात काही नाही, एवढेच ते अक्षर सांगते. चित्रपट मुलांना कळेल की नाही, याबद्दल प्रमाणपत्र देणारे सेन्सॉर मंडळ काही बोलत नाही आणि ते त्याचे कामही नाही. १९८३ मध्ये ‘यूए’ आले, त्यात १२ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांनी विचार करावा अशी सूचना होती. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षांपुढचे असे तीन टप्पे झाले. हा बदल चांगला आहे. पण हे आकडेसुद्धा चित्रपटात काय खटकू शकते ते सांगतात, तो कोणासाठी केला आहे ते सांगत नाहीत. त्यामुळे वाटणीच्या वादावर दोन भाऊ सव्वादोन तास बोलत बसतात तो चित्रपट ‘यू’ म्हणून यादीत सहज बसतो, आणि गुहेत अडकलेल्या चार मुलांची, खास आठ-दहा वर्षांच्यांसाठी रचलेली गोष्ट भीतीच्या दोन प्रसंगांमुळे ‘यूए ७+’ होऊन यादीबाहेर राहते.

मग ओळखायचे कसे? पहिली खूण अशी की गोष्टीला वळण देणारा निर्णय कोण घेतो ते पाहावे. पडद्यावर मूल किती वेळ दिसते, याला फारसा अर्थ नाही. परेश मोकाशी यांच्या ‘एलिझाबेथ एकादशी’त (२०१४) अडचण मोठ्यांच्या जगातली आहे, पैशांची आहे. सायकल विकायची वेळ येते. पण पुढे काय करायचे ते मुले ठरवतात: पंढरपूरच्या यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडायचे. बेत त्यांचा, फजिती त्यांची आणि हिशेबही त्यांचाच. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला (एका तमिळ चित्रपटासोबत विभागून) मिळाला, तो योग्य रकान्यात मिळाला. याच्या शेजारी ‘श्वास’ (२००४) ठेवून पाहा. त्यातही लहान मुलगा केंद्रस्थानी आहे, त्याची दृष्टी जाणार आहे. पण प्रत्येक निर्णय आजोबांचा आणि डॉक्टरांचा आहे, कारण विषयच असा की सात-आठ वर्षांच्या मुलाने ठरवण्याजोगे त्यात काही नाही. आपण आजोबांच्या छातीवरचे ओझे अनुभवतो. तो थोर चित्रपट आहे, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. मात्र तो मोठ्यांचा आहे, आणि दुसरीतल्या मुलाला तो दाखवला तर त्याच्या हाती फक्त ‘माझेही डोळे जातील का’ ही भीती उरते.

‘तारे जमीं पर’ (२००७) हे आणखी बोलके उदाहरण. आपल्याकडच्या प्रत्येक यादीत तो बालचित्रपट म्हणून असतो. राष्ट्रीय पुरस्कार देताना मात्र परीक्षकांनी त्याला कुटुंबकल्याणविषयक चित्रपटांच्या रकान्यात बसवले. त्यांचा विचार काहीही असो, रकाना बरोबर वाटतो. तो चित्रपट पालकांशी आणि शिक्षकांशी बोलतो, बदलायचे आहे ते त्यांनी. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या ‘नाळ’च्या दोन भागांत तर हा फरक चैत्या या एकाच मुलाच्या बाबतीत दिसतो. पहिल्या भागाला दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, दुसऱ्याला बालचित्रपटाचा. पहिल्या भागातले दुखणे मोठ्यांनी जपलेल्या गुपिताचे आहे, चैत्याला ते सोसावे लागते. दुसऱ्यात बहिणीने आपल्याला भाऊ मानावे म्हणून चैत्या स्वतः खटपट करतो. सात वर्षांच्या प्रेक्षकाला दुसऱ्या भागात धरायला काहीतरी मिळते.

काहींना पुढचे वाक्य रुचणार नाही, पण ‘श्यामची आई’ या कसोटीवर बालसाहित्य किंवा बालचित्रपट ठरत नाही. साने गुरुजींच्या पुस्तकात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री गोष्टी सांगतो. त्या सांगण्याचा प्राण पश्चात्ताप आहे: तेव्हा मी असा वागलो, आज ती नाही. हातून निसटलेल्या वेळेबद्दलची ही हळहळ मोठ्या माणसाची आहे. मुले त्यातले प्रसंग ऐकतात, रडतातही, पण ती त्या क्षणी आई जाईल या भीतीने रडतात आणि आजी आपल्या आईच्या आठवणीने. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले ते सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून. तो घरच्यांनी एकत्र, मुलाला जवळ घेऊन पाहायचा चित्रपट आहे. शाळेत १५० मुलांना एकदम बसवून दाखवायचा नव्हे.

याचा अर्थ बालचित्रपट म्हणजे धावपळ आणि गंमत, असा कोणी घेऊ नये. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ संथ आहे, पावसाने भिजलेला आहे, वडील गेल्यानंतर आईच्या बदलीबरोबर कोकणात आलेल्या मुलाचे एकटेपण त्यात आहे. आपल्याकडे तो मोठ्यांचा कलात्मक चित्रपट म्हणून पाहिला गेला. बर्लिन महोत्सवात मात्र तो २०१४ मध्ये ‘जनरेशन केप्लस’ या मुलांच्या विभागात होता आणि तिथला क्रिस्टल बेअर त्याला मिळाला. हा पुरस्कार मुलांचे परीक्षक मंडळ देते. कारण शोधायला लांब जावे लागत नाही. पावसात, किल्ल्यात मित्र आपल्याला एकट्याला टाकून निघून जातात, हे दुःख अकरा वर्षांच्या मुलाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. दुःख मुलाच्या मापाचे असले तर चित्रपट संथ असूनही चालतो. त्याच विभागाच्या शेजारी चौदा वर्षांपुढच्यांसाठी वेगळा विभाग आहे, आणि वयाची ही शिफारस प्रमाणपत्राहून स्वतंत्रपणे केलेली असते. ही पद्धत आपण उचलावी.

आता तिसरी जात, सर्वांनी मिळून पाहायच्या चित्रपटांची. हे चित्रपट दुमजली असतात. तळमजल्यावर मुलांना पूर्ण गोष्ट मिळते, माडीवर मोठ्यांना आणखी काही. सत्यजित राय यांचा ‘गुपी गाइन बाघा बाइन’ (१९६९) हा याचा सर्वांत नेटका नमुना. भुतांचा राजा तीन वर देतो: टाळी दिली की हवे ते खायला-ल्यायला मिळेल, जोडे घालून कुठेही पोहोचता येईल आणि गाणे ऐकणारा जागीच खिळून राहील. शेवटी उपाशी सैन्यावर आकाशातून मिठाईची मडकी उतरतात आणि सैनिक लढाई सोडून त्यांच्यावर तुटून पडतात. मुलाला यात मिठाई दिसते आणि ते त्याला पुरते. मोठ्याला युद्ध आणि भूक यांचे नाते दिसते. मोठ्याचा अर्थ कळला नाही म्हणून मुलाचे काहीच अडत नाही, हीच कसोटी. उलट, ज्या चित्रपटात दर दहा मिनिटांनी जुन्या हिंदी गाण्याची नक्कल, नेत्याची नक्कल किंवा नवरा-बायकोचा विनोद येतो, तिथे आईवडील हसतात आणि मूल त्यांच्या तोंडाकडे बघते. ते बघू लागले की तळमजला रिकामा झाला. अशा चित्रपटाला ‘सहकुटुंब’ म्हणायला हरकत नाही, पण मुलांच्या यादीत त्याचे काम नाही.

मुले पडदा कसा वाचतात, याचाही विचार यादी करताना व्हावा. सात-आठ वर्षांखालच्या मुलांना फ्लॅशबॅक चटकन कळत नाही. रंग बदलला, धूसर कड आली तरी ‘हा मेला होता ना, मग परत कसा आला?’ हा प्रश्न येतोच. ‘सहा महिन्यांनंतर’ अशी पाटी त्यांच्यासाठी निरुपयोगी आहे. भीतीचे गणितही वेगळे. राक्षस दिसतो, तो कुठून येतो आणि कशाने पळतो हे ठाऊक असते, तेव्हा ती भीती मुलांना हवीहवीशी असते. दार हळूहळू उघडते आहे, पलीकडे काय आहे कळत नाही आणि पार्श्वसंगीत चढत जाते, ही भीती लहानांना झेपत नाही. एकाएकी दणकन येणारा आवाज तर चित्रापेक्षा जास्त त्रास देतो. कुत्रा मेला किंवा आई हरवली, असा प्रसंग आला की तो किती वेळ चालतो आणि त्यात मुलाजवळ कोणी आहे का, हे घड्याळ लावून पाहावे. पाच वर्षांच्या मुलाला दोन-तीन मिनिटेही पुष्कळ होतात.

लांबीचे साधे माप असे ठेवावे: बालवाडीला दहा-दहा मिनिटांचे तीन-चार लघुपट, मध्ये उठून हातपाय मोकळे करायला वेळ, पहिली ते चौथीला सव्वा तासापर्यंत, पाचवीपुढे दीड ते पावणेदोन तास. ब्रिटनमध्ये १९५१ साली मुलांच्या चित्रपटांसाठी एक प्रतिष्ठान सुरू झाले, शनिवार सकाळच्या खेळांसाठी त्याने सुमारे तासाभराचे चित्रपट काढले. त्याच्या प्रमुख मेरी फील्ड यांच्या कामात अंधाऱ्या थिएटरात अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाने मुलांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे घेण्याचा प्रयोगही होता. चित्रपट पाहणाऱ्या मुलांकडे पाहून चित्रपट पारखायचा, ही ती कल्पना. हे कोणत्याही शाळेला कॅमेऱ्यावाचून करता येते. एका शिक्षिकेने पडद्याच्या बाजूला, मुलांकडे तोंड करून बसावे, हातात घड्याळ आणि वही. एकटे मूल चुळबुळले तर सोडून द्यावे. एका मिनिटात तीन-चार ओळी हलल्या, की तो मिनिट टिपावा. नंतर त्या जागा पुन्हा लावून पाहाव्यात. बहुतेक वेळा तिथे लांबलेले भाषण, मोठ्यांचे प्रेमप्रकरण किंवा न कळलेली कालउडी निघते. शांततेचीही नोंद हवी, कारण गुंतलेल्या मुलांची मान पुढे येते, घाबरलेली मुले शेजारच्याला चिकटतात आणि कंटाळलेली खाली पाहतात.

सर्वांत जास्त चूक सबटायटल्सच्या बाबतीत होते. इराणी, जपानी चित्रपट उत्तम म्हणून यादीत येतात, शाळा ते इंग्रजी सबटायटल्ससह लावते आणि मराठी माध्यमाची चौथी पाच मिनिटांत हरते. मराठी सबटायटल्स असली तरी दोन ओळी वाचून होईपर्यंत चित्र पुढे गेलेले असते. साधारण दहा वर्षांखालच्या मुलांना हे ओझेच. बर्लिनच्या त्याच विभागात परभाषेतले चित्रपट लहानांसाठी थिएटरातच माइकवरून जर्मनमध्ये वाचून दाखवतात. हे आपल्या शाळेतही जमते आणि खर्च जवळजवळ नाही. सबटायटल्सची फाइल घेऊन संवाद बोली मराठीत उतरवावेत, पुस्तकी मराठी चालत नाही. प्रत्येक ओळ मूळच्या दोन-तृतीयांश इतकी आखडून घ्यावी, नाहीतर वाचणारा मागे पडतो. ओळींना क्रमांक द्यावेत, समोर वेळ लिहावी. वाचणाऱ्याने मागच्या कोपऱ्यात, झाकलेल्या छोट्या दिव्याजवळ बसावे. पात्र बोलू लागले की क्षणभर थांबून मगच वाचावे, म्हणजे मूळ आवाजातला राग किंवा लाड मुलांच्या कानावर पडतो. आधी वाचले तर विनोद फुटतो. अभिनय करू नये, लहान मुलाचा आवाज काढू नये, नुसत्या हाका, रडणे, ओरडणे वाचू नये, गाण्याचा अर्थ गाणे सुरू होताना एका ओळीत सांगावा. चित्रपटाचा आवाज बंद करायचा नाही, तिसऱ्या हिश्शाने कमी करायचा. संपूर्ण चित्रपटावर निदान दोन तालमी हव्यात. एवढे केले की दहा मिनिटांत मुले वाचणाऱ्याला विसरतात.

ज्यांना हेही जमणार नाही त्यांनी बिनसंवादी चित्रपटांपासून सुरुवात करावी. तेहरानच्या ‘कानून’ या मुलांसाठीच्या संस्थेत (स्थापना १९६५) अब्बास किआरोस्तामी यांनी १९७० मध्ये केलेला पहिला लघुपट, ‘पाव आणि गल्ली’, जेमतेम दहा मिनिटांचा आहे. पाव घेऊन घरी निघालेला मुलगा, वाटेत भुंकणारा कुत्रा, इतकेच. मोठी माणसे येतात-जातात, पण तोडगा मुलालाच सापडतो, पावाचा तुकडा टाकून. वर सांगितलेल्या साऱ्या खुणा त्या दहा मिनिटांत आहेत.

आपल्याकडे असे चित्रपट कमी का होतात, याचीही कारणे उघड आहेत. बालचित्रपट असा शिक्का बसला की कॉलेजची मुले तिकीटबारीकडे फिरकत नाहीत, या धास्तीने निर्माता ‘सहकुटुंब’ हा शब्द धरतो. मग पटकथेत मोठ्या भावाचे प्रेम आणि एक गाणे शिरते, आणि लांबी दोन तासांवर जाते. दुसरे कारण शेड्यूलचे. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, सलग २७ दिवसांपलीकडेही नाही. त्याच्या मिळकतीचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत जातो. हे नियम अत्यंत आवश्यक आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. पण मोठ्यांच्या शिफ्टच्या हिशेबाने बजेट मांडले की पाच मुलांचा चित्रपट निम्म्यात अडकतो, म्हणून वाढीव दिवस सुरुवातीलाच धरावे लागतात. १९५५ मध्ये स्थापन झालेली बालचित्र समिती हे गणित सरकारी पैशावर सांभाळत असे. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आणि फक्त मुलांसाठीच काम करणारी स्वतंत्र संस्था उरली नाही. डेन्मार्कमध्ये १९८२ पासून सरकारी चित्रपट साहाय्याचा चौथा हिस्सा कायद्यानेच मुलांच्या आणि किशोरांच्या चित्रपटांसाठी आहे. मराठी चित्रपटांना राज्य सरकार जे अर्थसाहाय्य देते, त्यातही मुलांसाठी असा कायम हिस्सा असावा, ही मागणी रास्त आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत ‘एलिझाबेथ एकादशी’, ‘म्होरक्या’, ‘सुमी’ आणि ‘नाळ २’ या चार मराठी चित्रपटांनी बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. करणारी माणसे आपल्याकडे आहेत.

वृत्तपत्रांकडून अपेक्षा आहे ती लहानशी. पुढच्या सुट्टीतली यादी छापताना प्रत्येक चित्रपटापुढे चार गोष्टी द्याव्यात: किती वर्षांपुढच्या मुलांसाठी, बोलण्याची भाषा आणि मराठी डबिंग आहे की नुसती सबटायटल्स, मिनिटांत लांबी, आणि मुलांना अस्वस्थ करील असा प्रसंग असल्यास एका ओळीत तो कोणता. बालवाडीची यादी वेगळी करावी. शाळेत केवळ विद्यार्थी, पालक आणि शिक्षकांपुढे चित्रपट दाखवण्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, सोसायटीच्या गच्चीला ती नाही, तिथे परवानगी घ्यावी लागते, हीही टीप तळाशी असावी. चित्रपट शेवटपर्यंत पाहिलेल्या माणसानेच वयाचा आकडा लिहावा. तसा माणूस मिळाला नाही तर तो रकाना कोरा सोडावा, पण ‘यू’ पाहून भरू नये.

आपली नम्र,
एक वाचक, पुणे